टोळीचा ईस्टर

यंदा ईस्टर होळीला चिकटून आला. माझ्या वर्गातल्या पोरांच्या कानामागचा गुलाबी रंग अजून पुरता निघाला नव्हता आणि मी रविवारी पहाटे गावच्या कबरस्तानात उभी होते. त्याला आज बारा दिवस झाले. जालन्यात मस्तगडच्या माझ्या दोन खोल्यांत ऊन आता सकाळी आठलाच आत येऊन बसतं, दुपारी पंखा गरम हवा ढवळत राहतो, आणि फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी एक पांढरी मेणबत्ती आडवी पडलेली आहे. आधी ती पर्समध्ये होती. तिथं उन्हानं मधोमध वाकली, म्हणून आत ठेवली. शेजारच्या काकू बर्फ न्यायला आल्या तेव्हा त्यांना ती दिसली.

"टीचर, मेणबत्ती काहून गार करून राह्यल्या?"

"पेटवायला वेळ आहे अजून," मी म्हटलं. असं उत्तर मिळालं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

वेळ आहे म्हणजे किती, ते माझ्या हातात नाही. लांब सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचा पट्टा कधी पडतो, म्हणजे यंदाचं गाळप कधी संपतं, त्यावर ते आहे. तिथल्या फडात माझी मोठी बहीण मार्थाताई ऊस तोडते आहे. ती आल्याशिवाय ही मेणबत्ती पेटणार नाही, आणि मेणबत्ती पेटल्याशिवाय मी चहा पिणार नाही. चहा सोडलेल्या बाईशी फार बोलू नये, हे आमच्या शाळेतल्या शिक्षकांना एव्हाना कळलेलं आहे. हेडमास्तरसुद्धा रजेचा अर्ज न वाचता सही करतात.

हा हट्ट मुळात माझा नाही. तो माझ्या मायचा. आठ वर्षांपूर्वी ती तो धरून बसली होती तेव्हा मीच तिच्याशी सगळ्यात जास्त भांडले होते.

ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, याचं माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटतं. तुमचा नाताळ कसा बराबर पंचवीसला, मग हाच असा काय, म्हणून विचारतात. ज्यांचे सगळे सण चंद्राच्या मर्जीवर चालतात त्यांना तरी याचं नवल वाटू नये. ईस्टरही चंद्राचाच आहे. वसंतात दिवस आणि रात्र सारखी झाली की पुढं जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार. प्रभूला वधस्तंभावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणात, आणि वल्हांडण असतो पौर्णिमेचा, म्हणून हे गणित. आमच्या गावात एवढं कोणी सांगत बसत नाही. तिथं दोनच प्रकार आहेत, होळीचा ईस्टर आणि चैत्राचा ईस्टर. पौर्णिमा होळीची निघाली तर सण मार्चमध्येच येऊन जातो, चैत्रातली निघाली तर एप्रिलात येतो. चैत्राचा आला की ऊसतोडीची टोळी घरी असते. होळीचा आला की टोळी फडात. आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या माणसांचं, सगळं यावर अवलंबून.

गाव मंठ्यापासून दहाएक किलोमीटर. त्या वेळी तिथं ख्रिस्ती घरं अकरा होती. त्यातली आठ घरं दिवाळी झाली की दाराला बाभळीची फांदी लावून ऊसतोडीला जायची. मागं राहायची ती म्हातारी, शाळेची लेकरं, आणि पत्र्याचं चर्च. होळीचा ईस्टर आला तर ढोलकी वाजवणारा फडात, पेटीवाला फडात, गाणारे फडात. आमचे जुने पाळकसाहेब शहाणे होते. त्या दिवशी ते जालन्यातली उपासना घेत आणि आम्हाला सांगत, तुम्ही थांबा. टोळी आली की पहिल्या रविवारी ते लुनावरून येत आणि आमचा ईस्टर व्हायचा. जग उरकून बसलेलं असायचं, उन्हाळा चढलेला असायचा, आणि आम्ही "प्रभू उठला" म्हणून ढोलकी बडवत असायचो. शेजारच्या बौद्ध वस्तीत चौदा एप्रिलची तयारी चाललेली असायची. त्यांचा भोंगा आणि आमची ढोलकी, दोन्ही मंठ्याच्या एकाच दुकानातून दुरुस्त होऊन यायचे. ते आम्हाला चिडवायचे, "काय मायबाई, तुमचा देव एक्स्प्रेसनं न्हाई, ट्रॅक्टरनं येतो वाटतं."

माय म्हणायची, "हाव. लेकरायला घेऊन येतो, म्हणून टाइम लागतो."

उपासाच्या दिवसांना आमच्याकडं चाळीस दिवस म्हणतात, मोजायला बसलं तर रविवार सोडून चाळीस. राखेच्या बुधवारी ते सुरू होतात. आदल्या वर्षी मिरवलेल्या शिंदीच्या झावळ्या चर्चच्या आढ्याला खोचलेल्या असतात. त्या काढून जाळायच्या आणि ती राख कपाळाला लावायची. माय त्या दिवसापासून एक वेळ जेवायची आणि चहा सोडायची. भाकरी सोडणं तिला जड नव्हतं, जन्मभर सवय होती. चहा मात्र तिचा जीव होता. पहिले चार दिवस डोकं बांधून बसायची आणि कोंबड्यांवर ओरडायची. मग झावळ्यांचा रविवार. ओढ्याला पाणी नसलं तरी शिंदी हिरवी राहते. तिची पानं आणून लहान लहान क्रूस विणायचे, बोटांना काटे टोचायचे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर बारा ते तीन पत्र्याखाली बसायचं. त्या दिवसापासून घंटा बंद, बोलवायला फळी बडवायची. शनिवारी कबरींना चुना. पळसाची फुलं टाकून अंडी उकडायची, ती केशरी होतात. आणि रविवारी झुंजूमुंजू होताना कबरस्तान.

कबरस्तानाकडं जाताना बायका पुढं असतात, पुरुष मागं. कारण त्या पहिल्या पहाटे कबरीकडं बायकाच निघाल्या होत्या, सुगंधी मसाले घेऊन. पुरुष दार लावून घरात बसलेले होते. माय हे दरवर्षी सांगायची आणि मागं वळून पुरुषांकडं बघायची.

आणि एक रिवाज फक्त आमचा. जालन्याच्या मोठ्या मंडळीत मला तो कुठं दिसला नाही. ज्या घरात वर्षभरात मयत झाली असेल, त्या घरची सगळ्यात जवळची बाई त्या पहाटे पहिली मेणबत्ती पेटवते. फाटकाशी आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, शमुवेलबाबा उभे असायचे. ते विचारायचे, "बाई, इतक्या सकाळी कोणाला बघायलीस?" तिनं गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. मग बाबा म्हणायचे, "कबरीत नको बघू. प्रभू उठला." आणि सगळ्यांनी म्हणायचं, "खरंच उठला!" तिच्या मेणबत्तीवर बाकीच्या सगळ्या पेटायच्या, चर्चची घंटा वाजायची. हा मान एकदाच मिळतो, मयतीनंतरच्या पहिल्या ईस्टरला. पुढच्या वर्षी ती बाई गर्दीतली एक. मी असं पाहिलं आहे की बाई नाव घेताना कोसळते, आणि त्या दिवसानंतर ती हळूहळू घरातलं पाणी भरायला लागते, वेणी घालायला लागते. का ते मला सांगता येणार नाही.

मायच्या त्या हट्टाच्या आदल्या पावसाळ्यात मार्थाताईची मुलगी आशा गेली. तीन वर्षांची होती. ताप आला, उतरला, परत आला, आणि पाचव्या दिवशी पहाटे ती गेली. नवसाची नव्हती, आजारी नव्हती, नुसती नाचरी पोर होती. याकोबदाजींनी तिला दोन्ही हातांवर नेलं. ताई कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आली आणि तिथं बसली ती बसलीच. माती लोटायलाही आत आली नाही. रडली नाही. घरी आल्यावर एकच बोलली, "मी त्या जागेत पाय ठेवणार न्हाई. कवाच न्हाई." दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली. दाजी फोनवर सांगायचे, काम दोघांचं करते, बोलत मात्र नाही. मोळी बांधते, डोक्यावर घेते, ट्रकवर चढते, उतरते. रात्री कोपीत, फडावरच्या खोपटात, भिंतीकडं तोंड करून झोपते.

तेव्हा मायनं मनात धरलं की या ईस्टरला मार्था आशाचं नाव घेईल. मायला दुसरं औषध माहीत नव्हतं. स्वतःच्या दोन लेकरांची नावं तिनं त्याच फाटकाशी घेतलेली होती.

पण तो ईस्टर निघाला होळीचा, आणि जुने पाळकसाहेब निवृत्त झालेले. नवे आले ते माझ्याच वयाचे, जालन्यात शिकलेले, नीट इस्त्रीचा शर्ट, मोटारसायकल. माणूस वाईट नव्हता. नियमाचा होता, एवढंच. राखेच्या बुधवारी त्यांनी जाहीर केलं की यंदापासून ईस्टर कॅलेंडरप्रमाणे होईल. जग एका दिवशी सण करतं आणि आपण तीन आठवड्यांनी, हे शोभत नाही.

माय उठून उभी राहिली. "साहेब, आठ घरं फडात हायेत. सण कोण करणार, कोंबड्या?"

"मावशी, तारीख माझ्या हातात नाही. ती सगळ्या मंडळ्यांची आहे."

"जुने साहेब म्हणायचे, शास्त्रातच हाये. वाटंवर असलेल्या माणसाला म्हैनाभर सूट."

पाळकसाहेब हसले. "असं काही कुठं नाही, मावशी."

मीही हसले. मी डी.एड. झालेली, नुकती नोकरीला लागलेली. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला वाटलं, जुन्या पाळकसाहेबांनी गोड बोलून म्हातारीची समजूत घातली असेल. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

छापील ईस्टरला कबरस्तानात आम्ही चौदा जण होतो, त्यात सात लेकरं. आदल्या दिवशी मायनं एकटीनं सगळ्या कबरींना चुना लावला होता. चुन्यात नीळ थोडी जास्त पडली होती, त्यामुळं सगळ्या निळसर दिसत होत्या. फक्त लिंबाखालचा लहान ढिगारा तसाच मातीचा होता. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला तिची माय लावील." पहाटे शमुवेलबाबांनी रिवाजाप्रमाणे मेणबत्ती मायपुढं धरली. मार्था नाही तर आजी, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मायनं ती घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"मावशी, पेटवा," पाळकसाहेब म्हणाले.

"साहेब, प्रभू उठला, त्याच्यात मला बिलकुल शंका न्हाई. पण माझी मार्था अजून उठली न्हाई. तिच्यासाठी मी थांबते."

शेवटी पाळकसाहेबांनी काडेपेटी काढली आणि एकेक मेणबत्ती पेटवली. वारा होता, चार काड्या गेल्या. आम्ही "खरंच उठला" म्हटलं, पण ढोलकीवाचून ते फारच लहान ऐकू आलं. उपासनेनंतर चर्चच्या ओट्यावर जेवण होतं. माय वाढत होती. स्वतःच्या पानावर तिनं काही घेतलं नाही. मी चहा नेऊन दिला तर कप तसाच शमुवेलबाबांकडं सरकवला.

मग आमचं सुरू झालं. मी रजा काढून घरी होते आणि रोज तिच्याशी वाद घालत होते. उन्हाळा पेटलेला. टँकर एक दिवसाआड यायचा. माय रांगेत उभी राहायची, दोन हंडे आणायची, आणि दिवस मावळल्यावर एक भाकरी खायची. पायांना सूज आली होती. मी म्हटलं, चाळीस दिवस झाले, संपलं. देवानं कुठं मागितलंय एवढं?

"देवानं न्हाई मागितलं. मीच देऊन राह्यले."

"आणि ती आलीच नाही कबरस्तानात तर?"

"तर पुढच्या रविवारी."

"आणि तेव्हाही नाही आली तर?"

"सरू, तू वकील हायेस का मास्तरीण?" ती म्हणाली आणि कोंबडीला हाकललं. तिच्याशी वाद घालणं म्हणजे पाण्यात काठी मारणं. पाणी काही दुभंगत नाही, आपलेच कपडे भिजतात.

एका दुपारी ताईचा फोन आला. मायनं तो नेहमीसारखा कानापासून वीतभर लांब धरलेला, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"माय, हे म्हणले तू जेवत न्हाईस. माझ्यासाठी नको थांबू. मी येणार न्हाई तिथं. सांगितलं न."

"तू नको येऊ. मी कुठं ये म्हणले? मी थांबते."

"काहून पण?"

"माझी मर्जी."

मागं मोळ्या टाकल्याचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला. मायनं तो मला दिला, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की ती घाबरलेली आहे. तिला खात्री बिलकुल नव्हती. खात्री नसताना ती बसून होती.

त्यानंतरच्या आठवड्यात पाळकसाहेबांची मोटारसायकल भर उन्हात दारात उभी राहिली. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवीतून शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं.

"मावशी, आहे," ते म्हणाले. "मी शोधलं. खरंच आहे."

त्यांनी वाचून दाखवलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं. वल्हांडण हा सुटकेचा सण. मिसर, म्हणजे इजिप्त, देशातल्या गुलामीतून लोक निघाले त्या रात्रीची आठवण. कंबर बांधून, पायांत जोडे घालून, पीठ फुगायची वाट न बघता भाजलेली भाकरी खाऊन निघाले. पुढं रानात असताना काही माणसं म्हणाली, आम्ही मयतीला शिवलो आहोत, आम्हाला सण करता येत नाही, आम्ही का वंचित राहावं? तेव्हा देवानं नियम दिला. ज्याला मयतीचा विटाळ आहे किंवा जो लांबच्या वाटेवर आहे, त्यानं पुढच्या महिन्यात, पौर्णिमेलाच, सण करावा. त्याचाही सण पुरताच.

लांबची वाट आणि मयत. दोन्ही कारणं आमच्या एकाच घरात होती.

"म्हणजे हे वल्हांडणाचं आहे, ईस्टरचं नाही," पाळकसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "छापील तारीख काही मी बदलू शकत नाही."

"मूळ तेच न पण?" माय म्हणाली.

"मूळ तेच." त्यांनी शास्त्र मिटलं. "आणि तसं पाहिलं तर प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच असतो. टोळी कधी येतीये?"

"पट्टा पडला की."

"मला फोन करा. मी येतो." मग माझ्याकडं बघून जरा ओशाळून म्हणाले, "आपण दोघंही हसलो होतो, नाही का?"

टोळी चौदा एप्रिल होऊन गेल्यावर, एका गुरुवारी आली. दोन ट्रॅक्टर, त्यांच्या मागं ट्रॉल्या. ट्रॉल्यांत बाजा, पत्र्याच्या पेट्या, चुलीचे लोखंडी पाय, शेळ्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर बसलेली माणसं, ओळखू येणार नाहीत इतकी रापलेली. ताई शेवटी उतरली. हाताला उसाच्या पाचटाचे उभे आडवे ओरखडे. मायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाणी तापवलंय, आंघोळ कर." बास. मेणबत्तीचं नाव नाही, कबरस्तानाचं नाव नाही. शनिवारी माय एकटी कबरस्तानात गेली, बाकीच्या कबरींवर चुन्याचा दुसरा हात मारून आली. उरलेला चुना तिनं डब्यात घालून, वर कुंचा ठेवून, उंबऱ्याजवळ ठेवला. ताईनं तो ओलांडला.

रविवारी पहाटे चर्चसमोर ढोलकी वाजली तेव्हा ताई दारात बसलेली होती. गुडघ्यांना हातांची मिठी. आम्ही तिच्या शेजारून गेलो. माय थांबली नाही, वळूनही बघितलं नाही. पुढं बायका, मागं पुरुष. ढोलकी, पेटी, टाळ, आणि सहा महिने मोकळ्या रानात ओरडून मोठे झालेले गळे. बौद्ध वस्तीतल्या बायका दारांत येऊन उभ्या होत्या. फाटकाशी आलो आणि गाणं थांबलं.

मायनं पदराची गाठ सोडली. मेणबत्ती तीन आठवडे गाठीत राहून पिवळट झाली होती. ती हातात धरून उभी राहिली.

शमुवेलबाबांनी विचारलं, "बाई, इतक्या सकाळी कोणाला बघायलीस?"

माय बोलली नाही. तिनं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, ती आजीच होती. बाबांनी परत विचारलं. पूर्वेकडं फटफटत होतं. एक लेकरू रडायला लागलं, कोणीतरी त्याला छातीशी घेतलं. पाळकसाहेब मायकडं बघत होते, आणि मी जमिनीकडं. मला त्या क्षणी मायचा राग आला होता. सगळ्या गावासमोर आपण उघडे पडलो, असं वाटत होतं.

बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आशाला."

आवाज मागून आला, पुरुषांच्याही मागून. माणसं बाजूला झाली. ताईच्या एका हातात चुन्याचा डबा होता आणि काखेत पुरुषभर उंचीचा ऊस. ती फाटकापर्यंत आली आणि तिथं, जिथं पावसाळ्यात बसली होती तिथंच, उभी राहिली.

"दर साली तिच्यासाठी आणते," ती कोणाला तरी समजावून सांगावं तसं म्हणाली. "आवंदाबी तोडला. हात थांबलाच न्हाई." आणि मग परत, मोठ्यानं, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं, "माझ्या आशाला बघायले मी!"

त्यानंतर ती रडली. आठ-नऊ महिन्यांचं एकदम. शमुवेलबाबांना "कबरीत नको बघू" म्हणायचं होतं, पण त्यांना ते जमेना. ते अर्धं पाळकसाहेबांनी म्हटलं आणि अर्धं मायनं. "खरंच उठला" मात्र सगळ्यांनी म्हटलं, आणि घंटा वाजली. तशी मी त्याआधी ऐकलेली नव्हती. ताईनं मेणबत्ती पेटवली, आत गेली, लिंबाखालच्या ढिगाऱ्याजवळ बसून हातानं चुना लावला. कुंचा तिला सुचलाच नाही. ऊस शेजारी उभा ठेवला.

मग माय तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मला दे एक कांडं."

ताईनं गुडघ्यावर ऊस मोडला. मायचे दात कधीच गेलेले. ताईनं दातांनी साल सोलली, कांड्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक मायच्या तोंडात दिला. आशाला द्यायची अगदी तसाच. मायनं चोखून चोथा बाजूला टाकला, तोंड पुसलं, आणि माझ्याकडं वळली.

"सरू, घरी जा, चहा टाक. साखर बराबर टाक. पाणचट नको."

माय गेल्या पावसाळ्यात गेली. तिची कबर आशाच्या शेजारीच आहे. शमुवेलबाबा तिच्या दोन वर्षं आधी गेले, आणि तेव्हा मंडळीनं प्रश्न विचारायचं काम मार्थाताईला दिलं. कबरस्तानात पाय ठेवणार नाही म्हणणारी माझी बहीण आता फाटकाशी उभी राहून दुसऱ्यांना विचारते. गावात ख्रिस्ती घरं सहाच उरलीत, त्यातली चार फडात जातात. बारा दिवसांपूर्वी छापील ईस्टरला आम्ही नऊ जण होतो. पाळकसाहेबांचे केस कानावर पांढरे झालेत. त्यांनी माझ्यापुढं मेणबत्ती धरली. मी ती घेतली आणि पर्समध्ये टाकली. ते हसले नाहीत. "फोन करा," म्हणाले, आणि खिशातून काडेपेटी काढली.

खरं सांगते, एकोणीस जणांच्या स्टाफरूममध्ये दुपारी तीन वाजता चहाची किटली येते तेव्हा मला मायचा राग येतो. मग वाटतं, तिलाही येत असेल, आमचा सगळ्यांचा. तरी ती बसली. खात्री नसताना बसली. मला निदान एवढं माहीत आहे की मार्थाताई येणार.

आज संध्याकाळी तिचा फोन आला. "पट्टा पडला, सरू. परवा निघतो. मायसाठी एक ऊस काढून ठेवलाय."

"तिला दात कुठं होते?"

"सोलून देईन न." मागं लेकरं ओरडत होती, ट्रॅक्टरचं इंजिन कोणी तरी चालू करून बघत होतं. मग ताई आवाज बदलून म्हणाली, "तुला बोलता येईल का तवा? बघू बरं. बाई, इतक्या सकाळी कोणाला बघायलीस?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. तोंड उघडलं. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा माझा गळा, त्यातून आवाज फुटेना.

"मा..." मी म्हटलं.

"थांब," मार्थाताई म्हणाली. "तिथं बोल. मी येऊन राह्यले."

मी थांबले आहे.